टोकन नंबर सत्तावीस
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांत आपण काय काय कमावलं हे आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. मी सोसायटीच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटाबद्दल बोलणार आहे. त्याच्या खालच्या कप्प्यात आधार कार्डाच्या २१४ झेरॉक्स आहेत. रंगकामाच्या वेळी मी स्वतः मोजल्या. आपले फ्लॅट ३६! भाडेकरू, कामाच्या मावशी, वॉचमन, जो आला त्याची झेरॉक्स घेतली. काहींच्या कोपऱ्यात मोबाइल नंबरही लिहिलेला. ही पद्धत सुरू केली कोणी? मीच, सचिव असताना. बँकेतली सवय, दुसरं काय.

दोन वर्षांपूर्वी एक गठ्ठा चुकून रद्दीत गेला. आठवड्यानं आपल्याच एका मुलानं बाहेरून भजी आणली, तर पुडीवर आपल्या जिन्यात काम करणाऱ्या मावशींचा फोटो आणि बाराच्या बारा अंक. मुलं हसली. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. एटीएम कार्ड हरवलं तर बंद करून नवीन नंबरचं मिळतं. आधारचा नंबर जन्माचा. त्या माउलीनं तो आपल्या विश्वासावर दिला होता.

आता थोडं बँकेचं ऐका. आमच्या वेळी पैसे काढायला काउंटरवर स्लिप दिली की पितळेचं गोल टोकन मिळायचं. स्लिप आत साहेबांकडे जायची, सही जुळवली जायची, लेजरला नोंद व्हायची. मग कॅशियर पिंजऱ्यातून ओरडायचा, “टोकन नंबर सत्तावीस!” बाकावरच्या पन्नास माणसांना फक्त सत्तावीस कळायचं. खातं कुणाचं, शिल्लक किती, कुणाला पत्ता नाही. पैसे दिले की टोकन परत खिळ्यावर. घरी नेलं तरी त्याचा उपयोग शून्य. मूळ नंबर आत, बाहेर फिरतं ते टोकन, आणि तेही तेवढ्या कामापुरतं.

आज संगणकवाले जे ‘टोकनायझेशन’ म्हणतात ते हेच की हो! १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ऑनलाइन दुकानदाराला तुमच्या कार्डाचा नंबर साठवून ठेवता येत नाही. तुम्ही संमती दिली तर त्याच्याकडे राहतं टोकन, आणि एका दुकानासाठी दिलेलं दुसऱ्या दुकानात चालत नाही.

आधारचंही तसंच आहे, फक्त आपल्याला कुणी सांगितलं नाही. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. २०१८ मध्ये त्याला ‘व्हर्च्युअल आयडी’ची जोड मिळाली. हा सोळा अंकी नंबर. ऑनलाइन पडताळणीच्या वेळी आधारऐवजी तो देता येतो. त्याच्यावरून मूळ नंबर काढता येत नाही, आणि नवीन काढला की जुना रद्द. आधारला जोडलेल्या मोबाइलवरून १९४७ ला एसएमएस करायचा: जी, व्ही, आय, डी ही चार इंग्रजी अक्षरं, मध्ये जागा, मग आधारचे शेवटचे चार अंक. सगळीकडे तो चालतो असं नाही. अनुदान थेट खात्यात यायचं तर मूळ आधारच जोडावं लागतं.

आणि नुसती ओळख दाखवायची असेल तर ‘मास्क्ड’ आधार डाउनलोड करा, पहिले आठ अंक झाकलेलं. तसं पाहिलं तर झेरॉक्सनं काही सिद्धच होत नाही. कार्डावरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत ॲपनं तपासला तर खरं-खोटं कळतं. झेरॉक्सवर फोटो कुणीही चिकटवेल.

एक गोष्ट मात्र पितळी टोकनानंच शिकवली. ते हातात असेपर्यंत रोख रकमेइतकंच मोलाचं. बाकावर शेजारच्याला “जरा धरा हो” म्हणून दिलं आणि तो खिडकीवर गेला, तर? कॅशियर मागे सही घ्यायचा, पण गर्दीत चूक व्हायचीच. मोबाइलवर येणारा ओटीपी म्हणजे तेच टोकन. दहा मिनिटांनी त्याला किंमत नाही, पण त्या दहा मिनिटांत फोनवर कुणाला सांगितला तर दोष टोकनाचा नाही. आमच्या वयाच्या मंडळींना हे जास्त सांगायला पाहिजे. समोरचा “सर, सर” म्हणून बोलला की आम्ही विरघळतो.

आता पुन्हा कपाट. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा पत्ता बदलायचा म्हणून निम्म्या सोसायटीनं पुन्हा नव्या झेरॉक्स आणून दिल्या, आणि आम्ही जुन्याही ठेवल्या! मावशींचा आधारला जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद पडलाय. त्यामुळं त्यांना व्हर्च्युअल आयडीही काढता येईना. आधी नंबर बदलून घ्यावा लागेल. सोमवारी मी त्यांना आधार केंद्रावर घेऊन जाणार आहे. आणखी कुणाच्या घरच्या मावशींना यायचं असेल तर रिक्षात दोन जागा आहेत.

कपाटाची किल्ली नव्या सचिवांकडे आहे. शनिवारी संध्याकाळी पाचला ते उघडायचं ठरलंय. भाडेकरारनामे आणि पोलिसांकडे दिलेल्या माहितीच्या पोच बाजूला काढायच्या, त्या लागतात. बाकीच्या झेरॉक्स ज्याच्या त्याला परत. जे गाव सोडून गेले त्यांच्या इथंच बारीक फाडायच्या. कात्र्या घरून आणा, ऑफिसात एकच आहे आणि तीही बोथट.