गांजाची जप्ती आणि लाखेची मोहोर

रायपुराहून नागपुरास जाणारा हमरस्ता साकोली, लाखनी आणि भंडारा या गांवांवरून जातो. हावडा-मुंबई लोहमार्गही याच जिल्ह्यांतून धांवतो. भाताच्या या मुलखांत जो चोरटा गांजा पकडला जातो, तो बहुधा ओडिशाच्या डोंगराळ भागांतून छत्तीसगडमार्गें मोठ्या शहरांकडे निघालेला असतो. वैनगंगेचा कांठ हा त्याच्या वाटेवरील केवळ एक टप्पा होय.

मौज अशी कीं, भंडारा जिल्हा मध्यप्रांतांत होता तेव्हां गांजा परवानाधारक दुकानांतून उघड विकला जाई. १८९३ सालीं नेमलेल्या हेंप कमिशननें ११९३ साक्षीदार तपासले आणि बंदीऐवजीं नियंत्रण व कर यांचीच शिफारस केली. आज अंमल आहे तो १९८५ च्या गुंगीकारक औषधिद्रव्यें आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाचा, आणि तो फार कडक आहे.

या कायद्यांत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांवेगळीं पानें व बिया त्यांत येत नाहींत. एक किलोपर्यंतचा गांजा अल्प प्रमाण ठरतो. वीस किलोंहून अधिक असल्यास व्यापारी प्रमाण, व त्यास किमान दहा आणि कमाल वीस वर्षें सक्तमजुरी. जामीनही दुर्मिळ. तेव्हां पोत्यांतील काय काट्यावर चढविलें, हा कोणाच्या तरी आयुष्यांतील वर्षांचा प्रश्न असतो.

वर्तमानपत्रांत आंकडा छापला जातो तो जप्तीच्या दिवशींचा. खटला उभा राहतो तो मात्र त्यानंतरच्या नीरस कामावर: पंचनामा, लाखेची मोहोर, मालखान्यांतील नोंद, नमुना आणि प्रयोगशाळेचा अहवाल. (पोत्यांमागें उभें राहून छायाचित्र काढविणें हें त्या मानानें सोपें.) अंगझडती घ्यावयाची तर राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर ती व्हावी हा आपला हक्क आहे, असें त्या इसमास सांगितलेंच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा १९९९ चा निर्णय आहे. हातांतील पिशवीस मात्र हा नियम लागू नाहीं, असें २००५ सालीं ठरलें. नमुने दंडाधिकाऱ्यासमक्ष काढावे, हें २०१६ च्या निकालानें बजावलें. जप्त माल मालखान्यांत वर्षानुवर्षें पडून राहून त्याला पाय फुटण्याचें भय न्यायालयास दिसत होतें. सीमाशुल्क खातें आणि महसूल गुप्तचर संचालनालय यांनाही आतां कबुलीजबाबावर विसंबतां येत नाहीं. २०२० सालीं तीन न्यायमूर्तींच्या पीठानें बहुमतानें असें ठरविलें कीं, अशा अधिकाऱ्यांपुढें दिलेला कबुलीजबाब शिक्षेचा आधार होऊं शकत नाहीं.

हें सर्व गुन्हेगारास सुटण्याच्या पळवाटा आहेत, अशी तक्रार नेहमीं ऐकूं येते. पण नाक्यावर सांपडतो तो बहुधा भाड्याचा वाहनचालक. माल भरणारा दूर राहतो आणि उतरून घेणाराचें नांवही त्या चालकास ठाऊक नसण्याचा संभव असतो. पोत्यांत काय होतें हें मला माहीत नव्हतें, असें तो म्हणाला, तरी त्याला तें माहीत होतें असेंच कायदा गृहीत धरतो. आणि उलट सिद्ध करावयाचें तें त्यानेंच, तेंही वाजवी संशयास जागा न ठेवतां. हा बोजा त्याच्यावर येण्यापूर्वीं सरकारपक्षास एक गोष्ट शाबीत करावी लागते: हाच माल, याच गाडींत, याच मोहोरेखालीं मिळाला.