मुलांना विचारणारे हेडमास्तर

दहावीचा निकाल लागला की गावोगाव एकच प्रश्न ऐकू येतो. "मग, पुढं काय?" पाव्हणा विचारतो, दुकानदार विचारतो, एस.टी.त शेजारी बसलेला अनोळखी माणूसही विचारतो. विचारतात सगळे, पण उत्तर ऐकायला थांबतो कोण? हा प्रश्न विचारणे आणि त्याचे उत्तर ऐकून घेणे हे शाळेचेच काम आहे असे मानणाऱ्या एका मास्तरांची ओळख आज मी आपणांस करून देणार आहे. जेसी बट्रिक डेव्हिस हे त्यांचे नाव. गृहस्थ अमेरिकेतले. जन्म 1871 चा, मृत्यू 1955 चा.

डेव्हिस ह्यांचे वडील बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. वारकऱ्याच्या घरात पोराला हरिपाठ काही मुद्दाम शिकवावा लागत नाही. तसाच प्रकार इथेही असणार. पण धर्माची वाट घरात आयती मिळाली, तरी पोटापाण्याची वाट काही मिळाली नाही. विद्यार्थिदशेत आपण पुढे काय करावे हे ह्या मुलाला उमगत नव्हते. एका प्राध्यापकांनी त्याला समोर बसवले आणि खोदून खोदून प्रश्न विचारले. त्या प्रश्नांचा ठसा डेव्हिस ह्यांच्या मनावर जन्मभर राहिला. 1895 साली ते कोलगेट येथून पदवीधर झाले आणि शिक्षकी पेशात पडले.

डेट्रॉइट शहरातल्या सेंट्रल हायस्कुलात 1898 पासून 1907 पर्यंत त्यांच्याकडे अकरावीच्या मुलामुलींची जबाबदारी होती. आता वर्गप्रमुख म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? हजेरीपट, दाखले आणि दंगेखोर पोरांना दम! डेव्हिस मात्र मुलांशी बोलत. हा विषय का घेतलास, शाळा सोडल्यावर काय करणार, तुला काय जमते. अमेरिकेतल्या शाळांमधले पहिले समुपदेशक म्हणून त्यांचे नाव घेतात ते ह्याच कामामुळे. बोस्टनला फ्रँक पार्सन्स ह्यांनी व्यवसाय-मार्गदर्शनाची कचेरी उघडली ती 1908 साली, आणि तीही शाळेच्या बाहेर.

1907 साली डेव्हिस ग्रँड रॅपिड्स ह्या गावी हायस्कुलाचे मुख्याध्यापक झाले. हे गाव लाकडी सामानासाठी प्रसिद्ध. खुर्च्या, टेबले, कपाटे ह्यांचे कारखानेच कारखाने. शिक्षक बंधुभगिनींनो, आता मी सांगतो ते आपल्या उपयोगाचे आहे. डेव्हिस ह्यांनी नवा तास मागितला नाही, की नवा शिक्षकही मागितला नाही. इंग्रजी ही त्या मुलांची शाळेची भाषा. तिच्या निबंधलेखनातच आठवड्यातून एकदा हा विषय घ्यावा, असे त्यांनी ठरविले. निबंध तर सर्वांनाच लिहावा लागतो. त्यातून एकही मूल सुटत नाही. मला ही युक्ती फार आवडते. सातवीच्या मुलाने आपल्या मनातल्या इच्छेविषयी लिहायचे, आठवीत शिक्षणाचा उपयोग काय ह्याविषयी. पुढे स्वतःच्या स्वभावाची पारख, मग जगात कोणकोणती कामे चालतात त्यांची माहिती, मग व्यवसायाची निवड, आणि अखेरीस समाजात कसे वागावे ह्याचा विचार. 1913 साली ह्याच गावात व्यवसाय-मार्गदर्शन करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. 1914 साली डेव्हिस ह्यांचे पुस्तक निघाले. त्याच्या नावात 'व्यवसाय' आणि 'नीती' हे दोन्ही शब्द आहेत.

हे दोन शब्द जवळ आले ते त्यांच्या श्रद्धेमुळे. इंग्रजीत व्यवसायाला जो 'व्होकेशन' शब्द आहे, त्याचे लॅटिन मूळ 'हाक मारणे' असे आहे. माणसाला त्याचे काम हाक मारते, आणि ते काम म्हणजे लोकांची सेवा, अशी डेव्हिस ह्यांची धारणा होती. प्रामाणिकपणा आणि कष्ट अंगी असले की मुलगा मार्गी लागतो, असे ते मानीत.

इथे मात्र माझे त्यांच्याशी पूर्ण जमत नाही. 1911 साली ह्याच ग्रँड रॅपिड्समध्ये कारखान्यांतल्या हजारो कामगारांनी सुमारे चार महिने संप केला. ती माणसे काय आळशी होती? सगळाच भार मुलाच्या चारित्र्यावर टाकून कसे चालेल? घरात बियाण्याला पैसा नसेल, तर हाक ऐकू येऊनही पोर उठणार कसे? पण एवढे म्हणूनही त्यांचे विचारणे काही खोटे ठरत नाही.

ते न विचारल्याने काय होते, हे मी स्वतः केले आहे म्हणून सांगतो. 1989 साली मी तालुक्याच्या गावी मराठी शिकवीत होतो. वर्गात एक सुताराचा मुलगा होता. रंधा हाती घेतला की पोराला तहानभूक राहत नसे. दहावीला 71 टक्के पडले. बाप म्हणाला, "आयटीआयला घालावं म्हणतो." मी म्हणालो, "छे छे! एवढे मार्क वाया घालवता?" मास्तरांपुढे बापाचे काय चालणार! पोराला सायन्सला घातले. बारावीत तो दोनदा अडकला आणि घर सोडून गेला. पुढे दहा वर्षांनी स्टँडवर भेटला तेव्हा कुठल्याशा गोदामावर रात्रपाळीची राखण करीत होता. चहा त्यानेच पाजला. रागावला नव्हता. एवढेच म्हणाला, "सर, तुमी मार्कं बघितली."

आपल्याकडे कागदावर काहीच नव्हते असे नाही. 1952-53 च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने शाळांत मार्गदर्शन असावे असे सांगितले होते, 1964-66 च्या कोठारी आयोगानेही सांगितले. आमच्या शाळेपर्यंत ते आले नाही, आणि मीही शोधायला गेलो नाही.

स्टँडवरच्या त्या चहानंतर मी नववीला निबंधाचा एक विषय दरवर्षी देऊ लागलो : 'घरात मी करतो ते काम'. डेव्हिस ह्यांचे नावही तेव्हा मला ठाऊक नव्हते. पहिल्याच वर्षी एका मुलीने लिहिले, की वीटभट्टीवरचा आईचा हिशेब मी ठेवते आणि मुकादम कुठे चुकतो ते मला कळते. वही परत देताना मी तिला थांबवून घेतले. या खेपेला मार्क पाहिले नाहीत. भट्टीवर काय काय होते ते विचारले. शाळा सुटून तास झाला, शिपाई किल्ल्या वाजवीत दारात उभा राहिला, तरी तिचे सांगणे चालूच होते.