एक सारस, तीन दृष्टि

छायाचित्र यंत्र काढतें, माणूस केवळ कळ दाबतो, अशी समजूत पुष्कळांची असते. ती खरी असती, तर एकाच स्थळीं, एकाच वेळीं घेतलेलीं चित्रें एकसारखीं निघालीं असतीं. तशीं तीं निघत नाहींत, याचा पडताळा गोंदिया जिल्ह्यांतील धानाच्या बांध्यांवर सहज घेतां येतो.

महाराष्ट्रांत सारस पक्षी आढळतो तो मुख्यत्वें या जिल्ह्यांत. जवळजवळ माणसाच्या उंचीचा, राखी अंगाचा हा पक्षी जोडीनें राहातो आणि पावसाळ्यांत पाणथळ जागीं, कित्येकदां उभ्या धानांतच, गवतकाड्यांचें घरटें रचतो. अशा एका बांधीच्या काठीं तीन छायाचित्रकार उभे आहेत अशी कल्पना करावी. पहिला लांब पल्ल्याचें भिंग लावून मस्तकाची तांबडी, खडबडीत त्वचा टिपतो. दुसरा क्षणाची वाट पाहातो. जोडीनें माना उंचावून एकदम साद घातली कीं त्याची कळ दबते. तिसरा उलट मागें सरतो. त्याच्या चित्रांत सारस बोटाएवढाच उरतो. परंतु बांध, निंदणास वांकलेल्या स्त्रिया आणि पलीकडचा तलाव हीं सारीं त्यांत येतात.

तिघांच्या हातीं एकच यंत्र दिलें तरी हा भेद उरतोच, कारण त्याचें मूळ स्वभावांत आहे. एकाला आकार मोहवितो, दुसऱ्याला हालचाल, तिसऱ्याला परस्परसंबंध. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्यानें हिमालयाच्या पायथ्याच्या रानांत वाटेवर तार ताणून रात्रीं वाघाकडूनच त्याचें चित्र काढविलें. अशा चित्रांचें त्याचें पुस्तक १९२७ सालीं प्रसिद्ध झालें. तेथें कळ वाघाच्या पायानें दबली खरी. पण वाघ कोठून दिसावा, हें चॅम्पियननें आधींच ठरविलें होतें.

हा भेद केवळ आवडीनिवडीचा मानून चालणार नाहीं. शहरांतील घरांत सारस पोंचतो तो बहुधा पहिल्या छायाचित्रकाराच्या चित्रांतून, आणि पाहाणाऱ्यास वाटतें कीं हा पक्षी कोठल्या तरी निर्मनुष्य अरण्यांत राहात असावा. वस्तुतः ज्याच्या पिकांत घरटें असतें, त्या शेतकऱ्याच्या सोशिकपणावर त्याचीं अंडीं तगतात. शेतकरी चित्राबाहेर राहिला, तर सारसाच्या रक्षणासाठीं कोणास साह्य करावयाचें, हेंच पाहाणाऱ्यास उमगत नाहीं. उलट केवळ तिसऱ्याचेंच चित्र असतें, तर त्या पक्ष्याविषयीं प्रेम उपजणें कठीण झालें असतें.

म्हणून तिन्ही दृष्टि हव्यात. मर्यादा मात्र तिघांना एकच आहे: घरट्याच्या फार जवळ गेल्यास पक्षी उठतो आणि अंडीं कावळ्यांना उघडीं पडतात. यापुढें सारसाचें एखादें देखणें चित्र हातीं आल्यास, त्याच्या चौकटीबाहेर कोण उभें असेल, याचाही विचार अवश्य करावा.