स्मिअर कुणी पाहिला?

राज्यभरातून आलेल्या पॅथॉलॉजिस्ट बंधू-भगिनींनो,

अध्यक्षपदासाठी माझी निवड केलीत, आभारी आहे. वर्षभरात आपल्याला सोडून गेलेल्या सहकाऱ्यांना आपण सकाळीच आदरांजली वाहिली. यानंतर अध्यक्षाने रक्तविज्ञानातल्या वर्षभराच्या प्रगतीचा आढावा घ्यायचा, असा रिवाज आहे. तो मी लिहून आणला होता. पण काल दुपारच्या सत्रात जुनाट आयटीपीच्या (इम्यून थ्रोम्बोसायटोपेनियाच्या) रुग्णांचे प्लेटलेट काउंट वर-खाली का होतात यावर चांगली घनघोर चर्चा झाली. अँटिबॉडी झाल्या, प्लीहा झाली, नवी औषधं झाली. त्या सगळ्या चर्चेत स्मिअरचं नावही कुणी काढलं नाही. तेव्हा आढावा स्मरणिकेत छापून येईल, सवडीने वाचा. मला बोलायचं आहे ते दुसरंच, आणि ते बरीच वर्षं पोटात ठेवलेलं आहे.

आधी कालचे वाद मिटवू.

आयटीपीत प्लेटलेट मरतात की तयारच कमी होतात, हा पहिला. १९५० साली सेंट लुइसमध्ये विल्यम हॅरिंग्टन नावाच्या तरुण डॉक्टरने आयटीपीच्या रुग्णाचं रक्त स्वतःच्या शिरेत घेतलं. काही तासांत त्याचा काउंट कोसळला, अंगावर लाल ठिपके उठले आणि आठवड्याभरात गाडी रुळावर आली. दोष रक्तद्रवातल्या कशात तरी आहे हे त्याने स्वतःच्या अंगावर सिद्ध केलं. पुढे त्या अँटिबॉडी आहेत हे कळलं, आणि त्या अस्थिमज्जेतल्या मेगाकॅरिओसाइटनाही सुखाने काम करू देत नाहीत हेही कळलं. म्हणजे दोन्ही बाजू बरोबर होत्या. काल ज्यांनी आवाज चढवला त्यांनी घसा उगाच बसवून घेतला.

आता वर-खाली का होतं? निरोगी माणसाची प्लेटलेट सात ते दहा दिवस जगते. काउंट दीड ते साडेचार लाख, शिवाय एकूण साठ्यातल्या सुमारे एक तृतीयांश प्लीहेत जमा. एखाद्या दिवशी उत्पादन थोडं घटलं तरी आठवड्याभराचा साठा ते झाकून नेतो. आयटीपीत प्लेटलेटचं आयुष्य दिवसांवर, कधी तासांवर येतं. साठा असा उरतच नाही. ज्याच्या गच्चीवर टाकी आहे त्याला पालिकेचं पाणी एक वेळ आलं नाही तरी पत्ता लागत नाही. जो थेट नळावर अवलंबून आहे त्याच्या घरात लगेच बोंब होते. आयटीपीचा रुग्ण थेट नळावर असतो. साधी सर्दी झाली, प्लीहेतल्या भक्षक पेशी चेकाळल्या, की काउंट तीस हजारांवरून बारा हजारांवर. ताप ओसरला की पुन्हा तीस. काहींचा पाळीच्या दिवसांबरोबर हलतो. स्टेरॉइडचा डोस उतरवताना घसरतो. इम्युनोग्लोब्युलिन दिलं की झपकन वर जातो आणि तीन-चार आठवड्यांत होता तिथे येतो. या वर-खाली होण्याला आजार बळावला असं म्हणायचं कारण नाही. आजाराचा स्वभावच तो आहे.

आणि काही वेळा आजाराचाही संबंध नसतो. माझ्याकडे एक निवृत्त बँक अधिकारी येत. एल्ट्रोम्बोपॅग चालू, काउंट ऐंशी हजारांवर छान टिकलेला. अचानक एका महिन्यात वीसवर आला. औषधाची ताकद संपली, दुसरं औषध सुरू करावं, असं त्यांच्या डॉक्टरांच्या मनात होतं. मी विचारलं, ‘काका, गोळी कशाबरोबर घेता?’ म्हणाले, ‘हल्ली पित्त होतं म्हणून सूनबाईने कपभर दूध सुरू केलंय, त्याच्याबरोबरच.’ दुधातलं कॅल्शियम या औषधाला धरून ठेवतं, आतड्यातून ते रक्तात पुरेसं उतरत नाही. दूध, दही, कॅल्शियमची गोळी, अ‍ॅसिडिटीचं औषध यांच्या आधी दोन तास किंवा नंतर चार तास, असा नियम आहे. दूध रात्रीवर ढकललं, काउंट परत आला. काल एका तरुण मित्राने औषधाला होणाऱ्या प्रतिकाराचे रेण्वीय खुलासे केले. खुलासे सुंदर होते. पुढच्या वेळी त्यांनी स्लाइडच्या आधी चहा-दुधाची वेळही विचारावी.

दुसरा वाद वीस हजार की तीस हजार. उपचार कुठे सुरू करायचा? अमेरिकन रक्तविज्ञान संस्थेची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, प्रौढ रुग्णात नव्याने निदान झालेलं असेल, रक्तस्राव नसेल आणि काउंट तीस हजारांच्या वर असेल तर नुसतं लक्ष ठेवा. ठीक आहे. पण माझ्याकडे एक वारकरी आजोबा येत, काउंट वीस-बावीसच्या पुढे सहसा न गेलेला. दरवर्षी देहू ते पंढरपूर पायी. हिरडीतून कधी थेंब नाही. आणि एक कॉलेजातली मुलगी, काउंट चांगला पंचेचाळीस हजार, तरी नाकातून रक्त थांबेना. पोटदुखीसाठी औषधाच्या दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या खात होती. त्या गोळ्यांनी प्लेटलेट निकामी होतात, कमी होत नाहीत. आकडा यंत्रात दिसतो, रक्तस्राव अंगावर दिसतो. कुणाकडे आधी बघायचं, हा वादाचा विषय होऊ शकतो हेच मला नवल वाटतं.

आता माझं दुखणं.

एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत. त्यांच्या यजमानांच्या हातात शंभर पानी वही होती. लाल शाईने रेघा आखलेल्या, रकाने पाडलेले: तारीख, लॅब, काउंट, गोळ्या. अडतीस, बावीस, एकसष्ट, सतरा, चौपन्न. प्रत्येक आकड्यासमोर प्रेडनिसोलोनचा डोस बदललेला. बाईंचा चेहरा चंद्रासारखा गोल, साखर वाढलेली, झोप उडालेली. काउंट घसरला की डोस वर, चढला की खाली, आणि घरातलं वातावरण त्याच तालावर. यजमान म्हणाले, ‘मॅडम, हिच्या पेशी अशा का नाचतात तेवढं सांगा.’

वहीत लॅबचा रकाना होता हे आपलं नशीब. मी तो बोटाने खाली खाली वाचत गेले. मोठे आकडे सगळे एका लॅबचे, लहान आकडे दुसरीचे. दुसऱ्या लॅबचं गावात फक्त कलेक्शन सेंटर. सकाळी आठला घेतलेला जांभळा बल्ब मोटरसायकलच्या डिकीतून दुपारी शहरात पोहोचायचा. बल्ब घेतल्यावर हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटा-सुलटा करायचा असतो, तो केला होता की नाही देव जाणे. बल्बातल्या ईडीटीएमध्ये प्लेटलेट जसजशा पडून राहतात तसतशा फुगतात. आयटीपीत आधीच मोठ्या आकाराच्या तरुण प्लेटलेट जास्त. साधं यंत्र पेशी ओळखतं ते आकारावरून, साधारण दोन ते वीस फेम्टोलिटरच्या मधली ती प्लेटलेट. त्याहून मोठी झाली की ती हिशेबातून बाहेर. गुठळी झाली तर दहा-वीस एकदम बाहेर.

मग पहिल्या लॅबचे मोठे आकडे खरे का? तेही नव्हेत. बाईंना पाळीत अतोनात रक्त जायचं, हिमोग्लोबिन सात. लोह इतकं कमी की लाल पेशी बारीक झालेल्या, त्यांचे तुकडे पडलेले, आणि ते तुकडे यंत्र प्लेटलेट म्हणून मोजत होतं. मध्यंतरी कुणीतरी शहाणपणाने लोह सुरू केलं, लाल पेशी सुधारल्या, तुकडे कमी झाले, काउंट ‘घसरला’. आणि स्टेरॉइड वाढवलं गेलं. लोहाने बाई सुधारत होत्या आणि आपण त्यांना त्याची शिक्षा देत होतो.

मी त्यांच्या बोटाला सुई टोचली, थेट स्मिअर काढला, वाळवला, लीशमनने रंगवला. आधी शेपटीकडे बघायचं, कारण गुठळ्या असतील तर तिथे जमतात. नव्हत्या. मग पातळ भागात तेलाच्या भिंगाखाली एकेक क्षेत्र. दर क्षेत्रात सरासरी दोन, मोठ्या, निळसर, दाणेदार. एका प्लेटलेटला पंधरा ते वीस हजार धरा. तीस-चाळीस हजार. पुढच्या काही भेटींत, ताजं रक्त, तीच पद्धत, आकडा याच घरात फिरला. ‘नाचणाऱ्या’ पेशी बऱ्याच अंशी आपल्या प्रयोगशाळांत नाचत होत्या. त्या वहीतल्या एकाही रिपोर्टवर स्मिअरची एक ओळ नव्हती. होतं ते खाली छापलेलं एकच वाक्य: क्लिनिकली कोरिलेट करावे.

मंडळी, हे वाक्य आपल्या व्यवसायाची लाज आहे. ज्याने स्लाइड पाहिलेली नाही तो दुसऱ्याला कोरिलेट करायला सांगतो!

दुसरी हकिगत थोडक्यात. सराफ कट्ट्यावर काम करणारा बंगाली कारागीर, पंचविशीचा. कुठल्याशा आरोग्य तपासणीत काउंट सत्तर हजार. आयटीपीचा शिक्का बसला, स्टेरॉइड झाली, काउंट हलला नाही, आता प्लीहा काढायची भाषा. स्मिअर पाहिला तर लाल पेशीएवढ्या प्लेटलेट, गुठळ्या नाहीत, रक्तस्राव कधीच नाही. त्याच्याबरोबर राहणाऱ्या सख्ख्या भावाचं रक्त घेतलं, चित्र तेच. बंगाल आणि त्या बाजूच्या कितीतरी निरोगी लोकांत ही जन्मजात ठेवण असते, तिला हॅरिस प्लेटलेट सिंड्रोम म्हणतात, आणि तिला औषध लागत नाही. त्याची प्लीहा एका स्लाइडने वाचली.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, दिवसाला शेकड्याने सीबीसी होतात, स्मिअर बघणार कोण? सगळे बघा असं मी म्हणत नाही. एक लाखाखालचे बघा, यंत्राने झेंडा दाखवलेले बघा, आणि मागच्या आकड्याशी न जुळणारे बघा. गुठळ्या दिसल्या तर निळ्या बल्बात, सायट्रेटमध्ये रक्त घ्या आणि येणाऱ्या आकड्याला १.१ ने गुणा. सायट्रेटमध्येही गुठळ्या झाल्या तर बोटातून थेट स्मिअर. ईडीटीएमुळे होणारा खोटा कमी काउंट साधारण हजारात एकाला सापडतो. तुमच्या लॅबची महिन्याची गर्दी आठवा आणि गुणाकार घरी करा.

जुन्या काळाचं मला कौतुक नाही. न्यूबाउर चेंबर, एक टक्का अमोनियम ऑक्झलेट, ओल्या फिल्टर पेपरवर झाकून ठेवलेली चेंबर, प्लेटलेट खाली बसेपर्यंत वाट बघत बसलेले आमचे वयस्क तंत्रज्ञ. त्यांच्या मोजणीत यंत्राहून जास्त चूक असायची, हे मान्य. पण मोजताना ते बघत असत. गुठळी दिसली की खुर्चीतूनच ओरडत, ‘ताई, हे रक्त परत घ्या!’ आता तसं ओरडणारं लॅबमध्ये कुणी उरलेलं नाही. यंत्र आकडा काढतं, संगणक तो लाल करतो, आणि तुमची-माझी सही आधीच छापलेली असते. डॉक्टरांच्या आधी तो लाल आकडा रुग्णाच्या मोबाइलवर पोहोचतो, आणि पावसाळ्यात पोहोचला तर संध्याकाळपर्यंत घरात पपईच्या पानांचा रस निघतो. दहा हजारांच्या आसपास यंत्राचाही आकडा दहा-वीस टक्के इकडेतिकडे होणारच. चौदाचे बारा झाले म्हणून रात्री अ‍ॅडमिट झालेले रुग्ण मी पाहिले आहेत. कमी झालंच नव्हतं काही.

या वर्षात करायची कामं कोणती, असं मला कार्यकारिणीने विचारलं आहे. दीर्घकालीन रुग्णांच्या रिपोर्टवर मागचे आकडे आणि रक्त घेतल्याची वेळ छापायची सोय व्हावी. कलेक्शन सेंटरवर रक्त घेणाऱ्या मुलामुलींसाठी मराठीत एक पानी सूचना काढावी. एक लहान समिती नेमू, तिच्यात दोन तंत्रज्ञ हवेतच. बाकी तपशील समिती ठरवील. डिजिटल मॉर्फॉलॉजी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यावरही बोलायला हवं, कालच्या निबंधांत त्यावर चांगलं काम होतं. ते कार्यशाळेत घेऊ.

माझी विनंती मात्र कार्यशाळेपर्यंत थांबणारी नाही. सोमवारी लॅब उघडाल तेव्हा एक लाखाखालचा पहिला प्लेटलेट रिपोर्ट सहीला आला की त्याची स्लाइड मागवा. स्लाइड केलेली नसेल तर रिपोर्ट परत पाठवा आणि सही करू नका.