साल कुठे गेली?

मी अंबरनाथ पश्चिमेला बुवापाड्यात राहतो. आमच्याकडे रिक्षावाल्याला 'विमको नाका' म्हटलं की पुढचा पत्ता सांगावा लागत नाही. काड्यापेट्यांचा कारखाना गेला, नाक्याला नाव ठेवून गेला. स्वीडिश भांडवलावर १९२०च्या दशकात सुरू झालेली ही कंपनी. सावरीसारख्या मऊ लाकडाचा ओंडका घ्यायचा, सोलायचा, यंत्रावर गरगर फिरवत त्याचा लांबलचक पापुद्रा काढायचा आणि त्या पापुद्र्याच्या काड्या पाडायच्या. आज घरातली काडेपेटी उघडून बघा. एकाही काडीवर साल दिसणार नाही. मग ती गेली कुठे?

हाच प्रश्न कल्याणच्या पलीकडे, शहाडला विचारता येतो. तिथल्या सेंच्युरी रेयॉनमध्ये लाकडाच्या लगद्यापासून धागा निघतो. लगदा येतो तो जाड पुठ्ठ्यासारख्या पांढऱ्या तावांच्या रूपात. साल शहाडपर्यंत पोचतच नाही. ती लगदा करणाऱ्या गिरणीत, किंवा त्याही आधी रानात उतरलेली असते.

लगद्याच्या गिरणीला साल नको असते. तिच्यात कामाचा तंतू थोडा, रसायनं ती जास्त खाते, आणि कागदावर काळे ठिपके उठतात ते वेगळेच. मोठ्या गिरण्यांत एक अजस्र पिंप फिरत असतं. त्यात ओंडके एकमेकांवर आपटतात, घासतात आणि साल गळून पडते. ओंडक्याच्या वजनात साधारण दहा ते पंधरा टक्के ती असते. म्हणजे ढीग लहान नव्हे. तो बहुधा बॉयलरमध्ये जातो, पण ताजी साल जवळजवळ निम्मी पाणीच. बरीचशी आच ते पाणी उडवण्यातच संपते, वर चिकटलेल्या माती-वाळूची राख.

आता झाडाच्या बाजूने बघू. झाडाने साल धरली ती किडीला, बुरशीला आणि उन्हाला दूर ठेवायला, अंगातलं पाणी राखायला. म्हणून ती कडू, तुरट, चिकट आणि पाणी न शोषणारी. गिरणीला जे गुण नडतात, तेच विकण्याजोगे आहेत.

बाभळीच्या सालीचा तुकडा चघळलाय कधी? जीभ आखडते, तोंड कोरडं पडतं. सालीतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, म्हणून. कातड्यातल्या प्रथिनांनाही ते असंच धरतं आणि मग कातडं कुजत नाही. आपल्या कोल्हापुरी चपलेचं चामडं पिढ्यान्‌पिढ्या याच गुणावर कमावलं गेलं. कातडं शिवून त्याची पिशवी करायची, ती टांगायची, आत बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरायचं. पाणी थेंब थेंब झिरपतं. ते पुन्हा वर ओतायचं. दिवसचे दिवस. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. प्रयोगशाळेत ज्याला आज 'जैव उत्पादन' म्हणतात, ते आपल्या चर्मकारांच्या अंगणात केव्हापासून टांगलेलं होतं!

टॅनिनचा गोंदही होतो. फॉर्मल्डिहाइडशी त्याचं चांगलं जमतं, म्हणून खनिज तेलापासून येणाऱ्या फिनॉलच्या जागी ते प्लायवूडच्या गोंदात चालतं. दक्षिण आफ्रिकेत वॅटल झाडाच्या सालीचं टॅनिन असं वापरलं गेलं आहे. उत्तर युरोपात लगद्यासाठी बर्चची झाडं तोडतात. त्यांच्या पांढऱ्या सालीत बेट्युलिन नावाचं द्रव्य भरपूर, शिवाय सुबेरिन, म्हणजे बुचातला पाणी अडवणारा पदार्थ. हे नवल वाटायला नको. आपलं भूर्जपत्र म्हणजे हिमालयातल्या बर्चचीच साल, आणि तिच्यावरच्या पोथ्या शतकानुशतकं टिकल्या.

सालीची किंमत कळली की एक भीती असते. पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल हे कर्करोगावरचं औषध मिळालं, १९९२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पण साल काढली की झाड मरतं. अखेर यूच्याच जातभाईंच्या पानांतून ते बनवायची रीत सापडली, तेव्हा ती झाडं सुटली. म्हणून मला गिरणीचीच साल बरी वाटते. तिथे झाड कागदासाठी आधीच पडलेलं असतं.

अडचण गोळा करण्याची आहे. आपल्याकडे निलगिरी, सुबाभूळ तोडली की मजूर पुष्कळदा शेतातच साल काढतात आणि ती बांधावर पडून राहते. पावसात टॅनिन धुऊन जातं. ताजेपणी वाळवून, तुकडे करून, गरम पाण्यात चहासारखा अर्क काढला तर मात्र ते हाती येतं. आणि उरलेला चोथा? तो वाळवून बॉयलरला घालता येतोच. सगळी साल थेट आगीत घालण्यापेक्षा हे मला शहाणपणाचं वाटतं.

परवा एका लाकडाच्या वखारीत सहज डोकावलो. कोपऱ्यात सालपटांचा कमरेएवढा ढीग. साग, आंबा, बाभूळ, सगळं एकात एक. अर्क काढणाऱ्याला ही सरमिसळ परवडायची नाही. जातवार वेगळं का ठेवत नाही, असं विचारलं, तर मालक हसले.

"बेकरीवाला न्यायचा, आता त्याच्याकडे गॅस आला," ते म्हणाले. "तुम्हाला हवी तर घेऊन जा, पैसे नकोत. फक्त पाऊस लागायच्या आत उचला."