जुनी नोंद किती दिवस टिकते?



यवतमाळ जिल्ह्यात फेरफार ठाऊक नाही असा शेतकरी सापडणार नाही. सातबाऱ्यावर नवे नाव चढले तरी जुने नाहीसे होत नाही. त्याला कंस होतो, शेजारी फेरफाराचा क्रमांक येतो. म्हणून नातवाला आजोबांच्या नावापर्यंत मागे जाता येते.

जिनिंगच्या मजुरांची हजेरी आता कित्येक संघटना संगणकावर लिहितात आणि तिची प्रत ‘क्लाउड’वर, म्हणजे दूरच्या कंपनीच्या यंत्रावर, ठेवतात. तिथे गेले ते कायमचे राहिले, अशी समजूत आहे. ती खरी नाही. फाईल बदलली की तिथली प्रतही बदलते. जुनी आवृत्ती उरते, पण मुदतीपुरती. गूगल ड्राइव्हवर चढवलेल्या फाईलची जुनी आवृत्ती ३० दिवसांनी, किंवा १०० आवृत्त्या झाल्यावर, काढली जाऊ शकते. ड्रॉपबॉक्सच्या फुकट खात्याची मुदतही ३० दिवसांचीच.

आता कायदा पाहा. २०१९ च्या वेतन संहितेप्रमाणे थकलेल्या मजुरीचा दावा ३ वर्षांपर्यंत करता येतो. मार्चच्या हजेरीवर कुणाच्या हातून एप्रिलची लिहिली गेली आणि मजूर पुढच्या हंगामात हिशेब विचारायला आला, तर हक्क शाबूत, पण पुरावा गेलेला!

तेव्हा दर महिन्याची फाईल तारीख घालून वेगळी ठेवा. ड्राइव्हवर एखादी आवृत्ती कायम राखण्याची सोय आहे, ती वापरा. आणि एक छापील प्रत सह्यांनिशी कपाटात असू द्या. एवढी शिस्त प्रत्येक संघटनेने लावून घ्यावी, ही विनंती.