हळद स्वयंपाकात, उपचार दवाखान्यात

आज बचतीच्या हिशोबाऐवजी एका जुन्या कर्जाबद्दल बोलते.

आमच्या गटातल्या एका ताईंनी आजारपणासाठी कर्ज मागितलं. स्तनात गाठ होती. मी लगेच सही केली. पैसे मात्र गेले हळदीच्या कॅप्सूल आणि कसल्याशा काढ्यावर. "नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही," असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. पाच महिन्यांनी त्या तपासणीला गेल्या, तेव्हा आजार काखेपर्यंत पोचला होता. आता उपचार चालू आहेत, पण ते पाच महिने गेले ते गेलेच. पैसे कशाला हवेत, एवढं मी विचारायला हवं होतं.

मग हळद वाईट का? मुळीच नाही. हळदीत कर्क्युमिन नावाचं द्रव्य असतं. प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशींवर त्याचा परिणाम दिसतो. पण बशी वेगळी आणि बाईचं शरीर वेगळं. 100 ग्रॅम हळदीत कर्क्युमिन साधारण 3 ग्रॅम, आणि खाल्लेल्यातलं रक्तात फारच थोडं उतरतं. हळदीनं माणसाचा कॅन्सर बरा होतो, हे सिद्ध झालेलं नाही. कॅप्सूलमध्ये तिचा अर्क असतो, बऱ्याचदा मिरीचं सत्त्वही. असा अर्क काहींच्या यकृताला बाधतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा कीमो चालू असेल, तर त्यातही अडथळा आणू शकतो.

अंगणातली सदाफुली बघा. तिच्यापासून विनक्रिस्टिन हे औषध मिळतं. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर ते देतात, पण शुद्ध करून, मोजून, शिरेतून. कुणी नुसती पानं खाल्ली तर विषबाधा व्हायची.

तेव्हा भाजीत, दुधात हळद खुशाल घाला. काढा किंवा कॅप्सूल घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, डबी सोबत न्या. गाठ हाताला लागली तर लाजू नका, त्याच आठवड्यात आशाताईंना सांगा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, कीमो, किरणोपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

आमच्या गटात आता आजारपणाचं कर्ज देण्याआधी आम्ही विचारतो, "ताई, तपासणी झाली का?" झाली नसेल, तर एकजण सोबत जाते. तुमच्या पुढच्या बैठकीतही हे ठरवा.